मुक्त सॉफ्टवेअरमधली अडचण नेमकी कोणाकडे न्यावी? (‘ऱ्य’ आणि ल-श यांचा घोळ)

जुळारी_गिरगाव

नमस्कार. गिरगावात आमचा अक्षरजुळणीचा छोटा व्यवसाय आहे. वडिलांच्या काळात शिशाचे खिळे होते. मी संगणकावर शिकले, पण आजवरचे सगळे काम परवान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये केले. यंदा एका दिवाळी अंकाची १९२ पाने प्रथमच युनिकोडमध्ये, लिनक्सवर आणि लिब्रेऑफिस रायटर या मुक्त शब्दसंपादकात लावायला घेतली आहेत आणि त्यात दोन ठिकाणी गाडी अडली आहे.

पहिली अडचण अशी की, अंकासाठी निवडलेल्या मुक्त परवान्याच्या फॉन्टमध्ये ‘दुसऱ्या’ हा शब्द नीट जुळत नाही. आधी ‘दुस’, मग खाली टिंब असलेला आणि पाय मोडलेला ऱ, आणि त्याच्या शेजारी सुटा ‘या’ असा तो उमटतो. दुसरी अडचण अशी की, ल आणि श ही दोन्ही अक्षरे हिंदी वळणाची येतात. फॉन्टच्या नमुनापत्रात मात्र पाकळीचा ल आणि देठाचा श स्पष्ट दिसतात, म्हणजे ती रूपे फॉन्टमध्ये आहेत. आमच्या मुद्रितशोधकांनी पहिल्याच सोळा पानांवर लाल शाईने इतक्या खुणा केल्या की मजकूर शोधावा लागला.

या दोन अडचणींवरचे उपाय मला हवेच आहेत, पण माझा खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. मी एका रात्री एकच मजकूर एका प्रश्नोत्तरांच्या स्थळावर, एका दोषनोंदणीत (सॉफ्टवेअरमधले दोष कळवायच्या जाहीर यादीत), एका गप्पांच्या वाहिनीवर आणि एका टेलिग्राम गटात टाकला, आणि शिवाय एका प्रोग्रामरचा पत्ता सापडला म्हणून त्यांना खासगी पत्रही लिहिले. प्रश्नोत्तरांच्या ठिकाणी ‘हा आमचा विषय नाही’ असे उत्तर आले, दोषनोंदणीत ‘एका नोंदीत एकच दोष लिहा’ असे सांगून नोंद परत पाठवली गेली, वाहिनीवर दहा मिनिटे कोणी बोलले नाही म्हणून मी खिडकी बंद केली, आणि गटात एका गृहस्थांनी जुन्या सॉफ्टवेअरकडे परत जाण्याचा सल्ला दिला. पत्राला उत्तर नाही. कोणी उद्धटपणे वागले असे मी म्हणणार नाही, परंतु एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवले जाण्याचा अनुभव मात्र पुरेपूर आला. अशा कामात कोणती अडचण कोणाकडे न्यायची हे जाणकार मंडळी कशावरून ठरवतात?

अर्धा_र

ताई, तुमच्या दोन अडचणी सख्ख्या बहिणींसारख्या दिसत असल्या तरी त्यांची घरे वेगळी असावीत अशी मला दाट शंका आहे, आणि म्हणूनच एकच मजकूर सगळीकडे टाकून कोणालाच तो आपला वाटला नाही.

तुम्ही कळ दाबल्यापासून कागदावर अक्षर उमटेपर्यंत तो मजकूर कितीतरी हातांतून जातो. कळफलकाची योजना अक्षराचा संकेतांक देते. हार्फबझ नावाची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात तो तयार कोड, ते संकेतांक पाहून फॉन्टमधल्या कोणत्या आकृत्या कोणत्या क्रमाने वापरायच्या ते ठरवते. त्या आकृत्या आणि त्यांच्या जोडणीचे नियम फॉन्टच्या फाइलमध्ये असतात. रायटर त्या पानावर मांडतो आणि पीडीएफ तयार करतो. हे सगळे एकत्र बांधून तुमच्या संगणकावर आणणारे डेबियन किंवा उबंटूसारखे वितरण हे आणखी एक घर. यातल्या प्रत्येक घराची माणसे वेगळी आहेत, आणि रायटर सांभाळणाऱ्याला तुमच्या फॉन्टमधला नियम दुरुस्त करण्याचा अधिकारही नसतो. तेव्हा ‘कोणाला विचारू’ याच्या आधी ‘अक्षर कोणाच्या हातात मोडले’ हे पाहावे लागते, आणि ते पाहायला प्रोग्रामर असण्याची मुळीच गरज नाही.

‘दुसऱ्या’ हा शब्द आहे तिथेच ठेवून फक्त फॉन्ट बदला. दुसऱ्या दोन फॉन्टमध्ये तो नीट उमटला, तर रायटर आणि हार्फबझ यांच्यावरचा संशय बराचसा मिटतो. मग उलट करा, म्हणजे अडचणीचा फॉन्ट तोच ठेवा आणि साध्या मजकूर-संपादकात तो शब्द पाहा. तिथेही मोडला, तर बोट फॉन्टकडेच जाते. याहून पक्का पुरावा हवा असेल, तर हार्फबझबरोबर एचबी-व्ह्यू नावाचे छोटे साधन मिळते. त्याला फॉन्टची फाइल आणि शब्द दिला की मध्ये रायटर न येता त्या शब्दाचे चित्र मिळते. काही जुन्या लेखांत ‘विंडोजवर पाहा, तिथे वेगळे दिसेल’ असे लिहिलेले आढळते, पण २०१७ सालच्या ५.३ आवृत्तीपासून लिब्रेऑफिस सर्व प्रणालींवर हार्फबझच वापरते, त्यामुळे त्या सल्ल्यावर वेळ घालवू नका.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. या अर्ध्या र-चे लेखन दोन प्रकारे होते. एकात ऱ, म्हणजे संकेतांक ०९३१, आणि त्यापुढे हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, म्हणजे ०९३०, त्यापुढे हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे स्वतः न दिसणारे जोडचिन्ह, असतो. युनिकोडला दोन्ही मान्य आहेत, पण फॉन्ट बनवणाऱ्याने दोन्हींची सोय केलेलीच असते असे नाही. रायटरमध्ये अक्षराच्या पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबल्या की संकेतांक दिसतो, आणि पुन्हा दाबल्या की अक्षर परत येते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ऱ हा शिफ्ट आणि जे यांवर असल्यामुळे तुमच्याकडे बहुधा पहिला प्रकार असेल.

दोष फॉन्टचा निघाला, तर त्याच्याच दोषनोंदणीत जा. पत्ता तुमच्या संगणकावर असण्याची शक्यता आहे. मुक्त फॉन्टच्या झिप फाइलमध्ये ओएफएल नावाची परवान्याची फाइल असते, आणि तिच्या पहिल्याच ओळीत, स्वामित्वहक्काच्या उल्लेखात, बहुतेक वेळा त्या प्रकल्पाचा दुवा दिलेला असतो. ती फाइल कोणी उघडत नाही, हा भाग वेगळा.

ल आणि श यांची गोष्ट निराळी आहे. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात, त्यात बहुधा मजकुराची भाषा मराठी आहे असे कळले तरच मराठी रूपे पुढे येतात. रायटरमध्ये देवनागरीसाठी भाषेची निवड इंग्रजीच्या निवडीहून वेगळ्या रकान्यात करावी लागते, आणि तिथे हिंदी राहून गेली असेल तर फॉन्ट बिचारा सांगितले तेच करतो आहे. हा दोष नसून वापराचा प्रश्न आहे, आणि अशा प्रश्नांसाठी आस्क लिब्रेऑफिस हे ठिकाण आहे. दोषनोंदणीत तो नेला तर परत पाठवणारच.

चर्चगेट_स्लो

वरचे उत्तर मला मान्य आहे, पण ते वाचून ताई थेट फॉन्टवाल्यांच्या दारात उभ्या राहतील आणि पुन्हा हिरमुसल्या होऊन येतील, अशी भीती वाटते. फॉन्टचा प्रकल्प सांभाळणारी व्यक्ती मराठी वाचणारी असेलच असे नाही. तिला ‘दुसऱ्या चुकीचा दिसतो’ असे लिहिले तर तिच्या दृष्टीने दोन्ही आकृत्या सारख्याच अनोळखी असतात. मी हे एका प्रकल्पात भोगले आहे. तीन आठवडे ‘हे केवळ शैलीचे वेगळेपण आहे का?’ या एकाच प्रश्नाभोवती पत्रव्यवहार फिरत राहिला.

शेवटी उपयोगी पडली ती आपल्या शाळेतली जोडी. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द शेजारी ठेवून मी लिहिले की पहिल्याचा अर्थ गुरूंना आणि दुसऱ्याचा स्वयंपाक्यांना असा आहे, आणि यांतला फरक केवळ या एका जोडणीवर उभा आहे. त्याखाली दोन चित्रे दिली, एक योग्य फॉन्टमधले आणि एक बिघडलेल्या फॉन्टमधले, आणि संकेतांकांचा क्रम लिहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘आता कळले’ असे उत्तर आले. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हेही चालेल, पण समुद्र आणि डोंगरातल्या दऱ्या यांपेक्षा गुरुजी आणि आचारी यांची अदलाबदल परक्या माणसाला चटकन भिडते, असा माझा अनुभव आहे.

म्हणून माझे मत असे की, नोंद करण्याआधी ती एखाद्या मराठी जाणणाऱ्या तांत्रिक माणसाला दाखवावी, आणि गप्पांच्या वाहिन्या व गट यांचा खरा उपयोग तिथेच आहे. तुम्ही तिथे अंतिम उत्तर मागितले, हे थोडे चुकले. गटातले उत्तर दोन दिवसांत शेकडो संदेशांच्या खाली जाते आणि पुढच्या वर्षी हीच अडचण आलेल्या जुळाऱ्याला ते सापडत नाही. ‘माझी नोंद वाचून कळते का, आणि योग्य दार हेच ना?’ एवढे विचारायला मात्र गट फार चांगला असतो.

वाहिनीवर दहा मिनिटे थांबण्याबद्दल सांगायचे, तर तुम्ही रात्री किती वाजता विचारले होते ते पाहा. लिब्रेऑफिसमागची डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था बर्लिनची आहे आणि काम करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण युरोपात आहेत. सध्याच्या उन्हाळी वेळेप्रमाणे आपल्याकडे दुपारचे दोन वाजतात तेव्हा तिथे सकाळचे साडेदहा होतात, म्हणजे जेवण आटोपून विचारलेला प्रश्न त्यांच्या कामाच्या वेळेत पडतो आणि मध्यरात्री विचारलेला त्यांच्या संध्याकाळी. शिवाय आयआरसीवर, म्हणजे या वाहिन्या ज्या जुन्या गप्पा-पद्धतीवर चालतात तिथे, खिडकी बंद केली की नंतर आलेले उत्तर तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. एक सूचना अशी की, वाहिनीचा पत्ता प्रकल्पाच्या आजच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. मे २०२१ मध्ये अनेक प्रकल्पांनी फ्रीनोड हे आयआरसीचे जाळे सोडून लिबेरा चॅट या दुसऱ्या जाळ्यावर मुक्काम हलवला, पण जुन्या मार्गदर्शक लेखांत अजून जुनाच पत्ता आहे, आणि तिथे हाका मारत बसलेली माणसे मी पाहिली आहेत.

खासगी पत्राचे वाईट वाटून घेऊ नका, पण पुन्हा लिहूही नका. त्या व्यक्तीने दिलेले उत्तर एका माणसापुरते राहते, म्हणून बहुतेक प्रोग्रामर अशा पत्रांना उत्तर देत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षेची फट सापडली तर गोष्ट वेगळी, कारण ती चारचौघांत न सांगता प्रकल्पाने त्यासाठी दिलेल्या खास पत्त्यावरच कळवायची असते.

आणि कृपा करून अंकाची मूळ फाइल नोंदीला जोडू नका. तिथली जोडपत्रे कोणालाही उघडता येतात. लेखकाची कथा दिवाळीआधीच जगाला वाचायला मिळाली तर संपादक तुम्हालाच विचारतील. दोन ओळींचा नमुना पुरेसा असतो.

जुळारी_गिरगाव

आपले दोघांचेही आभार. भाषेच्या रकान्यात खरोखरच हिंदी होते. तिथे मराठी निवडताच १९२ पानांतले सगळे ल आणि श एका क्षणात बदलले, आणि मुद्रितशोधकांनी चष्मा काढून पुन्हा लावला. शासनाने २००९ सालच्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपे ठरवली आहेत, हे ते मला तीन दिवस ऐकवत होते, पण तो निर्णय या रकान्याला कसा कळवायचा हे त्यांनाही ठाऊक नव्हते.

ऱ्य अजून मोडलेलाच आहे. इतर दोन फॉन्टमध्ये तो नीट येतो, आणि साध्या संपादकात अडचणीचा फॉन्ट लावला तर तिथेही मोडतो. संकेतांक ०९३१ हाच आहे. मग मी र, हलन्त आणि जोडक असा दुसरा प्रकार करून पाहिला, तर त्याच फॉन्टमध्ये ‘दुसर्‍या’ अगदी सुबक उमटला! तेव्हा नोंद वगैरे करण्यापेक्षा सगळ्या अंकात शोधून-बदलून टाकले तर काय बिघडेल?

अर्धा_र

छापण्यापुरते काही बिघडणार नाही, पण ते केवळ छपाईच्या प्रतीत करा आणि मूळ फाइल जशी आहे तशी ठेवा. वाचणाऱ्याला दोन्ही शब्द सारखेच दिसत असले तरी संगणकाच्या दृष्टीने ते वेगळे आहेत. उद्या कोणी पीडीएफमध्ये ‘दुसऱ्या’ शोधला आणि त्याच्या कळफलकावर पहिला प्रकार असला, तर अंकात तो शब्द नाहीच असे उत्तर मिळू शकेल. शुद्धलेखन-तपासणीचा शब्दकोशही एकच प्रकार ओळखत असेल, तर बाकीच्यांखाली लाल रेघा येतील.

तुमचे हे निरीक्षण मात्र सोन्यासारखे आहे. याचा अर्थ असा की, अर्ध्या र-ची आकृती फॉन्टमध्ये आहे, फक्त ०९३१ पासून तिच्याकडे जाण्याचा नियम राहून गेला आहे. एवढे वाक्य नोंदीत लिहिलेत तर दुरुस्ती करणाऱ्याचे निम्मे काम होईल. नोंदीआधी दोन गोष्टी पाहा. पहिली, तुमच्याकडची फॉन्टची प्रत प्रकल्पाच्या ताज्या आवृत्तीचीच आहे का. पेनड्राइव्हवरून आलेल्या फॉन्टचे वय कोणालाच माहीत नसते. दुसरी, तीच तक्रार आधीच कोणी नोंदवली आहे का. शोधताना देवनागरीत ‘ऱ्य’ टाका आणि इंग्रजीत या आकृतीचे जे नाव रूढ आहे, पापणीसारखा र या अर्थाचे, तेही टाका.

चर्चगेट_स्लो यांचा सल्ला मला पूर्ण पटत नाही, हे इथेच सांगतो. नोंद आधी कोणाला दाखवावी हे ठीक, परंतु मराठी जाणणारा मिळेपर्यंत थांबून राहू नका. गटात परवानगी मागत बसलेली आणि पुढे कधीच न झालेली अशा नोंदींची संख्या माझ्या ओळखीतच बरीच आहे. अपुरी नोंद सुधारता येते. लिब्रेऑफिसच्या बगझिला या दोषनोंदणीत तर अशा नोंदीसाठी ‘माहिती हवी’ अशी वेगळी अवस्थाच आहे, आणि दुसऱ्या कोणी आपल्या यंत्रावर तोच दोष पाहिला की नोंद ‘अपुष्ट’ या अवस्थेतून पुढे सरकते. तुमचा दोष तिथे जाणार नाही, पण पुढे कधी रायटरचाच दोष सापडला तर मदतीच्या यादीतल्या खिडकीतून आवृत्तीची पूर्ण माहिती नक्कल करून नोंदीत चिकटवा.

पवई_तळे

मी उशिरा येतो आहे, आणि वितरणाबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. तुमचे लिब्रेऑफिस जर डेबियन किंवा उबंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीतून आले असेल, तर ते मूळ प्रकल्पाच्या आजच्या आवृत्तीपेक्षा जुने असते. मूळ प्रकल्पात दुरुस्त होऊन गेलेला दोष तुमच्याकडे दिसत राहतो, आणि तो घेऊन मूळ प्रकल्पाकडे गेलात तर ‘नवी आवृत्ती वापरा’ एवढेच ऐकायला मिळते. दोष फक्त वितरणाच्या पॅकेजमध्येच दिसत असेल, तर तो वितरणाकडे न्यायचा, आणि डेबियनमध्ये त्यासाठी रिपोर्टबग हे साधन आहे. ते पॅकेजची आवृत्ती आपणहून नोंदीत भरते. रायटरच्या यादीतला एखादा मराठी शब्दच चुकीचा असेल, तर तो मात्र भाषांतर करणाऱ्यांकडे जातो, आणि त्यांचे काम डॉक्युमेंट फाउंडेशनच्या वेबलेट या भाषांतराच्या स्थळावर चालते.

इंग्रजीत लिहायचा संकोच हे आपल्याकडचे फार मोठे आणि न बोलले जाणारे कारण आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात लिब्रेऑफिसचे धडे मराठी निवेदनासह आहेत, आणि तिथे प्रश्न विचारताना धड्यातले नेमके मिनिट आणि सेकंद निवडायचे असते. ही शिस्त मला अतिशय आवडते, कारण तिथे ‘चालत नाही’ एवढे म्हणून सुटताच येत नाही. अर्थात ते शिकण्याच्या प्रश्नांसाठी आहे, फॉन्टच्या दोषासाठी नाही.

शेवटचा मुद्दा वेळेचा. अंक छपाईला कधी जाणार आहे? फॉन्टची दुरुस्ती करणारी व्यक्ती हे काम बहुधा आपल्या रिकाम्या वेळात करत असेल, आणि तुमच्या दिवाळीचे तिच्यावर बंधन नाही. तारीख टळणार नसेल तर फॉन्ट बदला किंवा मोबदला घेऊन हे काम करणारा माणूस शोधा. ‘तातडीचे’ असा शब्द नोंदीत घालून काही साधत नाही.

जुळारी_गिरगाव

काल दुपारी दोन वाजता, म्हणजे सांगितलेल्या वेळीच, नोंद करायला बसले. परवान्याच्या फाइलमध्ये पहिल्याच ओळीत दुवा होता. माझी प्रत ताजीच निघाली. शोध घेतला तर ‘कुऱ्हाड’ या शब्दाबद्दल कोणीतरी केलेली जुनी नोंद अजून उघडी होती. ऱ्ह आणि ऱ्य यांचे मूळ एकच असावे असे वाटल्याने मी नवी नोंद न करता तिथेच लिहिले. आचार्य आणि आचारी यांची चित्रे जोडली, दोन्ही प्रकारांचे संकेतांक दिले, आणि जोडकाचा प्रकार नीट उमटतो हे वेगळ्या ओळीत लिहिले. त्या रात्री मी जिथे जिथे प्रश्न टाकला होता तिथे तिथे जाऊन ल-श चा उलगडा आणि या नोंदीचा दुवा दिला. गटातल्या त्या गृहस्थांनाही दिला.

आज सकाळी नोंदीवर एकच प्रश्न आला आहे: ‘ऱ्या’मध्ये काना लागला नाही, म्हणजे नुसते ‘ऱ्य’ असले, तरी असेच मोडते का? मोडते. चित्र तयार आहे, जेवण झाले की पाठवते. अंक मात्र दुसऱ्या फॉन्टमध्येच जाईल, कारण छापखान्याची तारीख पुढच्या मंगळवारची आहे आणि नव्या फॉन्टमुळे आठ पाने वाढल्याने जाहिरातींची मांडणी पुन्हा करावी लागणार आहे.